एक पाय जमिनीवर

एडविन हॉब्सन माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसे, पायांवरून ओळखत असे. त्यात त्याचा काही दोष नव्हता. शाळा सुटली तसा तो खोऱ्यातल्या स्लिपरच्या कारखान्यात चिकटला आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तपासणीच्या टेबलावर बसून राहिला. तळ वाकडा, टाका सुटलेला, गोंद बाहेर आलेला, अशी प्रत्येक जोडी त्याने बाजूला काढली आणि अर्ध्या कारखान्याच्या शिव्या खाल्ल्या. शिवणकामाच्या बायका म्हणायच्या, "हा हॉब्सन सख्ख्या आईची जोडीसुद्धा नापास करील." केलीही होती. आई त्याच कारखान्यात तिसऱ्या मशीनवर बसायची. त्या रात्री तिने त्याला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

अशा माणसाने म्हातारपणी पंच व्हावं हे ओघानेच आलं. रविवारच्या सामन्यांत तो तरुणपणीही शिट्टी घेऊन धावत असे. पुढे गुडघे गेले, तेव्हा त्याला त्याच्या जोगता खेळ सापडला. चालत खेळायचा फुटबॉल. साठी उलटलेल्यांचा. यात पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. चेंडू डोक्यावरून उडवायचा नाही, डोक्याने मारायचा नाही, कोणाच्या अंगाला अंग लावायचं नाही, आणि गोलकीपरच्या पुढ्यातल्या अर्धगोलात दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही, गोलकीपरने त्याच्या बाहेर टाकायचं नाही. मग उरलं काय, असं कोणीही विचारील. उरतो तो आठवड्यातला एक मंगळवार, ज्या दिवशी घराबाहेर पडायला कारण असतं. बायको गेलेल्या, नोकरी संपलेल्या माणसाला ते पुरतं. शेजारच्या पोहण्याच्या तलावावर येणाऱ्या बायका जाळीशी उभ्या राहून हसत. एकीने तर सरळ तोंडावर सांगितलं होतं, "अहो, प्रेतामागून चालणारी माणसंसुद्धा याहून भरभर जातात."

एडविनच्या आधी क्रीडाकेंद्रातला एक भला पोरगा पंच होता. भला म्हणजे शिट्टीच वाजवत नसे. म्हाताऱ्यांना मोकळं रान मिळालं. चालता चालता दुडकी, दुडकीची धाव, आणि एका सकाळी सिरिल नावाचा सुतार दुसऱ्यावर आदळून पडला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्याला वृद्धाश्रमात नेलं, तिथून तो परत आला नाही. त्यानंतर एडविनने शिट्टी हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "ही शिट्टी माझ्या हौसेची नाही, तुमच्या हाडांची आहे. पळालात की वाजणार. सख्खा भाऊ असला तरी वाजणार."

आणि वाजायची. चेंडू काय, चेंडू सगळेच बघतात. एडविन बूट बघायचा. दोन्ही बूट एकदम हवेत दिसले की शिट्टी. तीनदा झाली की निळं कार्ड, मग थोडा वेळ रेषेबाहेर उभं राहायचं. कार्ड दाखवण्याची त्याची एक रीत होती: ज्याला दाखवायचं त्याने चालत एडविनसमोर येऊन उभं राहायचं. लांबून कार्ड दाखवणं त्याला उद्धटपणाचं वाटे. बाकीचे ओरडायचे, "जा लेका, जा, हेडमास्तरांनी बोलावलंय!"

सगळ्यात जास्त वेळा हेडमास्तरांपुढे गेलेला माणूस म्हणजे डेस. हा जन्मभर पोस्टमन होता, आणि त्याआधी गावाच्या संघात उजव्या कडेने असा पळायचा की बघणाऱ्याची टोपी उडावी. सत्तरी ओलांडली तरी चेंडू दिसला की पाय ऐकत नसत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

दुसऱ्या टोकाला गोलात नेव्हिल. एडविनची धाकटी बहीण डॉरीन, तिचा हा नवरा. बस चालवून चालवून बसक्या अंगाचा झालेला. गोलात का उभा राहतोस म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "मला चालायचाही कंटाळा आहे, म्हणून." चेंडू पलीकडे गेला की तो खांबाला पाठ लावून खाली बसायचा आणि तिथून सगळ्यांची सालं काढायचा. "डेस, पत्र टाकून ये रे! एडविन, तुझा एक पाय उचलला गेला बघ, दे स्वतःलाच कार्ड!" पंचाच्या मेहुण्याला पंच सवलत देतो, असा कधी कोणाला संशय आला नाही. उलट नेव्हिल एकदा अर्धगोलाबाहेर बोटभर आला, तर एडविनने त्याच्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. ख्रिसमसच्या जेवणात डॉरीनने त्यावरून दोघांनाही झापलं.

नोव्हेंबरातला तो मंगळवार. पाऊस म्हणावा इतका नाही आणि नाही म्हणावा इतकाही नाही, असं काहीतरी सकाळपासून पडत होतं. प्लास्टिकचं गवत ओलं झालं होतं आणि एडविनचे डोळे नेहमीपेक्षा जास्त बुटांवर होते. डेसला दोन शिट्ट्या मिळून चुकल्या होत्या. खेळ सगळा पलीकडच्या गोलापुढे जमा झाला होता. अलीकडे नेव्हिल एकटा, खांबाला टेकून बसलेला.

डेस थोडा मागे रेंगाळला होता. त्याने वळून पाहिलं, कारण बराच वेळ झाला तरी मागून टोमणा आला नव्हता. आणि तो पळाला.

चेंडूकडे पाठ करून पळाला. चेंडूपासून लांब, रिकाम्या टोकाकडे कोणी कशाला पळेल? एवढा प्रश्न कोणालाही पडला असता. एडविनला पडला नाही. त्याला दिसले दोन बूट, दोन्ही हवेत. त्याने शिट्टी फुंकली.

"डेस! तिसरी झाली. ये इकडे!"

डेस थांबला. शिट्टी झाली की थांबायचं, हे इतक्या मंगळवारांनी त्याच्या पायांत मुरलं होतं. त्याने सवयीने हात वर केला, चुकलो म्हणून. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मागे बोट दाखवत तो कसाबसा म्हणाला, "नेव्ह..."

"नेव्हचं नंतर. आधी इकडे ये."

आणि डेस दोन पावलं त्याच्याकडे आलासुद्धा. मग थबकला, वळला आणि गोलाकडे निघाला. पण आता चालत. भरभर, हात हलवत, पण चालत. टाच, चवडा, टाच, चवडा. एडविन कार्ड काढून त्याच्या मागे निघाला होता आणि त्याची नजर अजून त्या बुटांवरच होती. चालण्यात एकही चूक नव्हती.

मग कोणीतरी ओरडलं. नेव्हिल खांबावरून घसरून कुशीवर पडला होता. सगळे निघाले. तरी अर्धगोलाच्या रेषेपाशी येऊन चौघंजण थबकलेच, आत पाऊल टाकायचं नाही म्हणून. "आत जा रे! जा आत!" एडविन किंचाळला. आत एकटा डेस होता. खांबापाशी उभा, दोन्ही हात स्वतःच्याच डोक्यावर. केंद्रातली मुलगी भिंतीवरची पिवळी पेटी घेऊन आली, हृदयाला झटका देणारी. शिट्टीनंतर त्या मैदानावर पळाली ती तेवढी एकटीच. पेटीने झटके दिले, ॲम्ब्युलन्स आली, पण नेव्हिल गेला होता.

डॉक्टरांनी डॉरीनला सांगितलं की हृदयविकाराचा झटका फार मोठा होता. त्याला काही कळलंही नसेल, दिवा विझावा तसा गेला असेल. असं डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, आणि सांगावंच.

दफनानंतर कामगार क्लबात चहा आणि हॅमची सँडविचेस होती. डॉरीन काळ्या कोटात डेससमोर येऊन बसली. एडविन शेजारीच होता.

"तू पहिला पोचलास ना रे?" तिने विचारलं. "तेव्हा होता का तो?"

"होता," डेस म्हणाला. "हात धरला मी त्याचा."

"बोलला काही?"

"म्हणाला, आज एकही गोल खाल्ला नाही म्हणून सांग तिला."

डॉरीन हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. "एकटा नव्हता म्हणजे," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "एकटा नव्हता."

एडविनने चहाचा कप खाली ठेवला. हात धरलेला त्याने पाहिला नव्हता. डेसचे हात कुठे होते ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डेस खोटं बोलला ते डॉरीनसाठी, हे उघड होतं. पण त्यात आपल्यासाठी किती होतं, ते त्याला कळेना. शिट्टीचा उच्चार कोणीच केला नाही. बाकीच्यांच्या लेखी ती त्या सकाळच्या अनेक शिट्ट्यांतली एक होती. तिच्यामुळे एक माणूस वाटेत थांबला, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

त्याला डेसला एकच विचारायचं होतं. मी शिट्टी मारली तेव्हा नेव्ह जिवंत होता का? नसेल, तर शिट्टीने काही बिघडलं नाही. असेल, तर... त्याच्यापुढे त्याचं मन जात नसे. डेस त्याला बेकरीत भेटे, बसथांब्यावर भेटे. "गारठा वाढलाय." "वाढणारच." बोलणं तिथेच संपे. जन्मभर दुसऱ्याच्या चुका उजेडात धरून बघितलेल्या माणसाला स्वतःची एक चूक उजेडात धरवेना. हिवाळाभर तो मैदानावर फिरकला नाही. रात्री झोप लागत नसे, लागली तर बूट दिसत.

तिकडे खेळ बिघडत चालला होता. पंच नाही म्हटल्यावर पुन्हा दुडकी सुरू झाली आणि एकाच्या पोटरीचा स्नायू फाटला. फेब्रुवारीत डॉरीन स्वतः एडविनच्या दारात आली.

"मंगळवारी जा तू," ती म्हणाली. "नेव्हच्या जागी त्यांनी कोणीतरी उभा केलाय. तुझ्या जागी कोणाला उभं करायचं?"

"मला नाही जमायचं गं."

"का? तो एकटा नव्हता, डेस होता त्याच्याजवळ. मी बायको आहे त्याची, मला एवढं पुरतं. तुला का पुरू नये, एडी?"

  मंगळवारी तो शिट्टी खिशात घालून गेला.

त्याला बघून सगळ्यांना आनंद झाला, आणि आनंद झाला की ही माणसं शिव्या देतात. "आला रे हेडमास्तर! छड्या आणल्यात का?"  डेस बाजूला बुटांच्या नाड्या आवळत होता, दुहेरी गाठ मारून.

पहिल्या काही शिट्ट्या एडविनच्या तोंडून नीट फुटल्याच नाहीत. मग हळूहळू सूर लागला. खेळ पलीकडच्या गोलापुढे जमा झाला. डेस मागे रेंगाळला. नोव्हेंबरात उभा होता त्याच ठिकाणी येऊन तो उभा राहिला, क्षणभर खाली बघितलं, आणि पळत सुटला.

एडविनने शिट्टी फुंकली. डेस थांबला नाही. पुन्हा फुंकली. डेस मान मागे टाकून, कोपरं आवळून पळत होता, गावाच्या संघात उजव्या कडेने पळायचा तसा, आणि त्याचे सत्तरीचे गुडघे कुठल्याही पावलाला दगा देतील असं वाटत होतं. त्याने अर्धगोलाची रेषा ओलांडली. नवा गोलकीपर घाबरून बाजूला झाला. डेसने खांबाला हात लावला आणि तिथेच वाकून उभा राहिला.

पलीकडे खेळ थांबला होता. कोणी हसलं नाही.

मग डेस परत निघाला. आता चालत. चालत चालत तो एडविनच्या समोर, रीतीप्रमाणे, येऊन उभा राहिला. बाकीचे लांब होते, त्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"पोचलो असतो," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर नव्हते इथे. मी चालत होतो तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत होता, एडविन. हात वर केला होता त्याने. मी अर्ध्यावर आलो तेव्हा तो हात खाली पडला."

एडविनने विचारलं, "डॉरीनला..."

"तिला नाही सांगणार कधी. तिचं तिच्यापाशी राहू दे. पण मी एकट्याने किती वाहायचं हे? तुलाही ठाऊक असू दे." त्याने मागे खांबाकडे बोट दाखवलं. "थांबलो मी, च्यायला. तू शिट्टी मारलीस आणि मी थांबलो."

 माफी मागावी तर कोणाची? एडविनचा हात आपोआप खिशात गेला आणि त्याने निळं कार्ड वर धरलं. दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. डेसने कार्डाकडे पाहिलं, मान हलवली आणि रेषेबाहेर जाऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ करून.

म्हातारे थंडीत ताटकळत होते. एडविनने मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, प्रत्येकाच्या, पार टोकाच्या गोलकीपरपर्यंत. सगळे उभे होते. मग त्याने शिट्टी फुंकली, आणि सगळे पुन्हा चालू लागले.