उकंड्याचं दूध

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला हसू यायचं. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना तोंडावर बोलणारी. म्हणून आधीच सांगते — पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. आम्ही साखरखेर्ड्याला राहायचो. मला मूलबाळ नव्हतं. थोरल्या जाऊबाईंना व्हायची, पण जगायची नाहीत. या खेपेला पोरगा होताच सासूबाईंनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मी पसाभर कोंडा देऊन 'विकत' घेतलं. आमच्याकडची रीतच ती. पोर आपलं नव्हेच म्हणायचं, म्हणजे सटवाई त्याच्या वाटेला जात नाही. नावही उकंडा. मग पाजायला आईकडेच द्यायचं, झालं!

पण जाऊबाई भ्यालेल्या. पोराला मांडीवर घेतलं की तोंड भिंतीकडे. बाप, म्हणजे माझे भासरे, उंबऱ्यातूनच परत फिरायचे. जीव लावला की पोर जातं, ही दोघांची धास्ती. अन् पोर? ते आईच्या अंगावर पिईचना. रडून रडून निळं व्हायचं... माझ्याकडे दिलं की गप्प.

"एकडाव त्याच्या तोंडाकडे पाहा तरी, जाऊबाई!" मी चिडूनच म्हणाले.

"मले नको शिकवू वं. पोरं मी पुरली, तू नाही."

झोंबलं. मी पोराला छातीशी घेऊन बसले, आणि माझं पोलकं ओलं झालं. दूध! कधी दिवसही न गेलेल्या बाईला! पोर लुचू लागलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "कुठं बोलू नको," म्हणाल्या.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल सतत जवळ घेतलं तर असं क्वचित होतं. बरं, मानलं. पुढचं ऐका.

पोरानं बाळसं धरलं तसं जाऊबाईंना खुपू लागलं. भांडण काढून त्या त्याला घेऊन माहेरी, डोणगावला गेल्या. मी वेडीपिशी झाले. तिथं पोर उपाशी मरेल ना हो! अन् नवल असं, मध्ये एवढं अंतर, तरी वर्गात शिकवताना एकदम ऊर भरून यायचा, पदर भिजायचा. मला वाटायचं, तो रडतोय.

एका दुपारी पाढे म्हणून घेताना पदर भिजत होता... आणि दूध थांबलं. एकाएकी. थेंब नाही. पोर गेलं, हेच मनात आलं. घरी येऊन धाय मोकलून रडले.

दुसऱ्या दिवशी डोणगावला गेलेले भासरे सायकलवरून परत आले — हसत!

"पोरगं मायच्या अंगावर पिऊन राह्यलं! इतले दिवस गाईच्या दुधावर काढले. काल दुपारी लय रडत होतं. हिनं पाहिलं त्याच्याकडे, हीबी रडली, अन् त्यानं तोंड लावलं."

काल दुपारी! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? झाला, आणि जळलेही. घरात साखर वाटली. तुझं काय गं, असं कुणी विचारलं नाही.

जावळाच्या दिवशी मी हात पुढे केले, पोरही झेपावलं. जाऊबाईंनी त्याला पदराखाली ओढलं.

"तू जराशी लांब बस वं. वांझोटीची नजर लागते लेकराले."

तिकडे डोणगावात त्यानं तोंड लावलं आणि इकडे माझं आटलं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. माणसांचा मात्र झाला.