दोन वाट्या सार

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर थोरलीने विचारलं, "आजी, एकाच माणसासाठी टोमॅटोचं सार करायचं तर टोमॅटो किती घ्यायचे?" मी बराच वेळ काही बोलले नाही, तेव्हा धाकटा म्हणाला की आजीचा आवाज तुटतोय. आवाज नीट होता. मी विचार करत होते.

मापांच्या बाबतीत मी गप्प बसणारी बाई नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर इंग्रजीत चिठ्ठी आहे. जिऱ्याच्या बरणीत जिरंच असतं हे वाचून कळायला लागतं का, असं आजोबा लग्न झाल्यापासून विचारत आले आहेत. शाळेत आम्हाला स्वयंपाकाचा तास असायचा आणि तिथल्या बाईंनी सूप गाळून कसं घ्यायचं, ते वाटीच्या काठापर्यंत का भरायचं नाही, चमचा कोणत्या बाजूने उचलायचा, हे सगळं इंग्रजीतून शिकवलं होतं. लग्नानंतर सासूबाईंनी सार शिकवलं. मी त्यांचं सार केलं, पण शाळेतल्यासारखं बारीक गाळणीतून गाळून. त्या म्हणाल्या, "एवढं गाळलंस, आता उरलंय काय?" पण प्यायल्या, आणि मग आमच्या घरात सार गाळूनच व्हायला लागलं.

तेव्हा कृती आधी सांगते, म्हणजे ज्याला घाई असेल त्याला पुढचं वाचायला नको. टोमॅटो लाल आणि मऊ घ्या, तुमच्याकडचे ते काचेसारखे कडक घेऊ नका. ते उकडून, सालं काढून, आल्याच्या तुकड्याबरोबर मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. रंगासाठी बिटाची एक लहान चकती त्यांच्याबरोबरच उकडायला टाका. साजूक तुपात जिरं तडतडू द्या, मग हिंग, कढीपत्ता, एक सुकी लाल मिरची. त्यावर गाळलेला रस ओता. मीठ, चवीला गूळ, चार मिरीदाणे ठेचून. चांगली उकळी आली की आच कमी करा आणि मग नारळाचं दूध घाला. तुमच्याकडे डब्यातलं मिळतं ते चालेल. नारळाचं दूध घातल्यावर पुन्हा खळखळा उकळू द्यायचं नाही, फुटतं. आजारी माणसासाठी करायचं असेल तर मूठभर मूगडाळ अगदी मऊ शिजवून, घोटून त्यात मिसळा. मागच्या वर्षी मी तेच करत होते.

मागच्या वर्षी आजोबांना न्यूमोनिया झाला होता, एवढं तुम्हाला माहीत आहे. ते बरे होऊन घरी आले, हेही माहीत आहे. मधलं तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुमच्या परीक्षा होत्या.

ते घरी आले ते बरे होऊन नव्हे. ताप गेला होता, पण भूकही गेली होती. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला न घेता, त्यांच्यासमोरच सांगितलं की खाणं पोटात गेलं नाही तर पुढच्या तपासणीच्या वेळी नाकातून नळी घालावी लागेल. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ होते आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण आजोबांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी घातलेली रोज पाहिली होती. घरी येताना काळेवाडीचा पूल ओलांडेपर्यंत ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "नळी नको." एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मी घरी आल्या आल्या वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सार, मऊ भात, पुन्हा सार, भोपळ्याचं सूप, डाळीचं पाणी. ट्रेवर स्वच्छ रुमाल, मधोमध वाटी, उजवीकडे चमचा. मी स्वतः त्याआधीच स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवून घ्यायची, म्हणजे त्यांच्याकडे बघायला मोकळी. ते दोन चमचे घ्यायचे, फार तर तीन, आणि म्हणायचे, "ठेव, घेतो सावकाश." मी समोर बसून राहायची. सारावर साय धरायची. मी ते परत गरम करून आणायची आणि ते परत तेच म्हणायचे. गूळ वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. आलं, लसूण, ओवा. एक दिवस मी वैतागून म्हणाले की लहान मूलसुद्धा एवढा त्रास देत नाही. त्यांनी चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. हट्ट नव्हता तो. त्यांना खरंच जमत नव्हतं. त्यांची मनगटं बारीक झाली होती आणि घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत घसरायचा.

अशा एका रविवारी त्यांचे जुने मित्र आले. चाकणच्या पुढे त्यांचं गाव आहे. भोसरीच्या कारखान्यात हे दोघं एकाच लाइनवर होते, आजोबा लेथवर आणि हे मित्र त्यांच्या शेजारच्या मशीनवर. गावच्या त्यांच्या निम्म्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत आणि उरलेल्या निम्म्यात ते कांदा लावतात. दोन्हींबद्दल सारख्याच अभिमानाने बोलतात. मुलाच्या मोठ्या गाडीतून आले होते आणि दारातूनच चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या देत आत शिरले. मग खाटेवर आजोबांना पाहून क्षणभर थांबले. पण थांबल्याचं दाखवलं नाही.

"काय राव," ते म्हणाले, "नोकरीत एक दांडी मारली न्हाई, आन आता पडून ऱ्हायलाय व्हय?"

आजोबा म्हणाले, "ओव्हरटाइम चालू आहे."

कित्येक दिवसांनी ते काही गमतीचं बोलले होते. मी आत गेले आणि पाहुण्यांसाठीही सार वाढून आणलं, कारण चहापेक्षा तेच तयार होतं. दोन वाट्या, दोन चमचे. एक आजोबांच्या पुढ्यात ठेवली, एक पाहुण्यांच्या, आणि कोथिंबीर राहिली म्हणून परत आत गेले.

परत आले तेव्हा दोघं कुठल्यातरी फोरमनची नक्कल करत हसत होते. पाहुण्यांनी बोलता बोलता हात लांब करून आजोबांच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि तोंडाला लावली. चमचा तसाच ट्रेवर. मला वाटलं चुकून झालं, आणि मी काही बोलणार तेवढ्यात आजोबांनी तिकडे न बघताच पाहुण्यांची वाटी ओढून घेतली. गप्पा चालूच होत्या. आजोबा मधूनमधून एकेक घोट घेत होते. मी दारात कोथिंबिरीची ताटली धरून उभी होते आणि वाटीतलं सार खाली जाताना बघत होते. वाटी संपली. तळाशी चिकटलेला कढीपत्ता त्यांनी बोटाने काढून चोखला.

मी पाहुण्यांना त्या वाट्यांबद्दल विचारलं, तेव्हा आधी त्यांना कळेचना की मी कशाबद्दल बोलतेय. कळल्यावर ते आजोबांकडे बघून म्हणाले, "ह्यानं सांगितलं न्हाई तुमाला, येवढ्या वर्सांत?" मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लाइनवर आपला डबा आपण खायचा नाही, असा नेम होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे बाकावर मधोमध ठेवायचे आणि ज्याचा हात ज्या डब्यावर पडेल तो त्याचा, फक्त स्वतःचा सोडून. कुणाचा डबा कुणाच्या घरचा हे विचारायचं नाही. लाइनवर सगळ्या गावांची, सगळ्या घरांची माणसं होती, मराठवाड्यातली, कोकणातली, भोसरीत खोली करून एकटी राहणारीही. त्यातल्या एकाची बायको माहेरी गेली ती आलीच नाही. तो नुसती भाकरी आणि मिरची आणायचा आणि डबा उघडायला लाजून पाण्याच्या टाकीमागे जाऊन जेवायचा. तेव्हापासून नेम सुरू झाला. कुणी सुरू केला, हे पाहुण्यांनी सांगितलं नाही, फक्त आजोबांकडे पाहिलं. आजोबा भिंतीकडे बघत होते.

"तुमचं सार फिरकीच्या डब्यात यायचं, वैनी," पाहुणे म्हणाले. "त्याच्यासाटी झोंबाझोंबी व्हायची. आमी समदे पिलोय. ह्यो सोडून."

तो फिरकीच्या झाकणाचा डबा मी मुद्दाम शोधून आणला होता, स्कूटरच्या डिकीत सार सांडू नये म्हणून. सार मुख्यतः डब्यासाठीच व्हायचं. उरलेलं मुलं संपवायची. संध्याकाळी आजोबा घरी आले की मी विचारायची, सार कसं झालं होतं, आणि ते म्हणायचे, "थेंब उरला नाही." खोटं काहीच बोलले नव्हते.

"मग हे काय खायचे?" मी विचारलं.

"माझ्या बायकूचं माडगं," ते म्हणाले. हुलग्याचं पीठ लावून केलेलं ते दाट, तिखट पेय. मी ते घरात कधी केलं नव्हतं, कारण मला त्याचा वास आवडत नाही. "निम्मा जलम त्याच्यावर काढलाय ह्यानं. म्हनून असा चिवट हाय."

मला थोडं लागलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला आठवायला लागलं. निवृत्त झाल्यापासून आजोबा जेवताना माझ्या ताटातली भाजी उचलायचे. अगदी तीच भाजी त्यांच्या ताटात असताना. आपली आमटीची वाटी माझ्याकडे सरकवायचे. मला ते शिस्त नसल्यासारखं वाटायचं आणि मी म्हणायची, "अहो, मागून घ्या ना, मी वाढते." हळूहळू ते थांबले होते. आणि आता मी त्यांच्यापुढे एकच वाटी ठेवत होते, जिच्यावर त्यांच्याशिवाय कुणाचाच हक्क नव्हता.

पाहुणे संध्याकाळच्या आत निघाले, शिफ्ट सुटायच्या वेळी रस्ता अडतो म्हणून. रात्री मी आशेने ट्रे नेला. आजोबांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "ठेव, घेतो सावकाश."

दुसऱ्या दिवशी मी ट्रे काढलाच नाही. त्यांना हाताला धरून टेबलापाशी आणलं आणि दोन वाट्या मांडल्या, एक त्यांची, एक माझी. सकाळी उभ्याने खाल्लं नव्हतं, त्यामुळे मला भूकही होती. ते आपल्या वाटीकडे बघत बसले. मग बाहेर. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, ते बघत बसले.

मी आयुष्यात कधी दुसऱ्याच्या पानातलं उचललेलं नाही. लहानपणी भावाच्या पानातला लाडू घेतला म्हणून आईने मला टेबलावरून उठवलं होतं. माझे कान गरम झाले. तरी मी हात पुढे करून त्यांची वाटी माझ्याकडे ओढली आणि चमच्याशिवायच प्यायला सुरुवात केली.

ते वळून म्हणाले, "ती माझी आहे."

"होती," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर बघितलं नाही. फुंकर मारत राहिले, सार कोमट झालेलं असतानासुद्धा. मग टेबलावरून वाटी घासत गेल्याचा आवाज आला. त्यांनी माझी वाटी ओढून घेतली होती. आधी वास घेतला, मग एक घोट.

"यात तूप जास्त आहे," ते म्हणाले.

"असेल."

दोन्ही वाट्या एकाच पातेल्यातल्या होत्या. ते सगळं सार प्यायले. मी माझी वाटी मुद्दाम हळू संपवली, कारण मला उठून जायचं नव्हतं.

त्यानंतर वेळापत्रक फ्रिजवर राहिलं, पण त्याकडे कुणी बघत नव्हतं. काही दिवस ते अर्धीच वाटी घ्यायचे. एक दिवस नुसता वास घेऊन ठेवून दिली आणि मी पुन्हा घाबरले. पण दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी टेबलापाशी येऊन बसले होते. सारामागून मऊ भात आला, भातामागून पोळी. मी माडगंही केलं, फोनवर विचारून, नाकाला रुमाल बांधून. ते मी माझ्यापुढे ठेवायची आणि ते ओढून घ्यायचे. त्यांचं सार मी प्यायची. सौदा मला परवडणारा होता.

तपासणीच्या दिवशी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, आधीच्या कागदावर पाहिला आणि पुन्हा काट्यावर पाहिला. नळीचं नावही काढलं नाही. नुसतं विचारलं, "छान. काय खाता सध्या?"

आजोबांनी माझ्याकडे अंगठा केला. "हिच्या वाटीतलं."

डॉक्टरांना काही कळलं नसावं, पण ते हसले. परतताना पुलावर आजोबांनी पुन्हा माझा हात धरला होता. या वेळी ते बाहेर बघत नव्हते.

तर थोरले, तू वसतिगृहाच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून जेवतेस, हे मला कॉलवर दिसतं. तुझ्या मागच्या भिंतीपलीकडे एक मुलगी राहते, तिच्या भांड्यांचे आवाज येतात, हेही मला ऐकू येतं. एका माणसाच्या साराचं माप मला माहीत नाही. दोघांसाठी सहा टोमॅटो लागतात, मध्यम आकाराचे.