जिन्यावरचं माझं बंड

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर होतो आणि माझं राजकीय शिक्षण एका कार्टून मालिकेनं केलं. हसू नका, खरं सांगतोय. जर्मन सुधारावं म्हणून मी ती डब केलेली अमेरिकन मालिका लावायचो. तिच्यात कर घेणारे, उपदेश करणारे, जग वाचवायला निघालेले, सगळे यथेच्छ झोडपले जात. हसता हसता दोन हिवाळ्यांत माझी मतं पक्की झाली: सरकारनं दूर राहावं, माणसाला त्याच्या मर्जीनं जगू द्यावं. सरकारी कारकुनाच्या पगारावर वाढलेला मी, कॅन्टीनमध्ये त्या मालिकेतलेच विनोद स्वतःचे विचार म्हणून खपवू लागलो. हशा मिळाला की वाद जिंकला!

अशात माझ्या दाराला पाटी लागली. त्या भागात भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीनं जिना झाडून पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. मी ती काढून शेजाऱ्याच्या दाराला अडकवली. एकदा नव्हे, दोनदा.

तळमजल्यावरच्या सत्तरीच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारी वर येते. बोलायचंय."

पंचाईत अशी की बायकोच्या व्हिसासाठी, 'ही इथे राहू शकते' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागत होता. तो या बाईंकडेच पडून होता.

पुण्याहून बायको फोनवर म्हणाली, "अहो, जिना झाडायला काय जातंय तुमचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग तत्त्वालाच बोलवून घ्या. पोळ्या करेल तुम्हाला."

शनिवारी बाई आल्या. मी छाती काढून स्वातंत्र्यावर भाषण ठोकलं. ते संपल्यावर त्या म्हणाल्या,

"हे त्या कार्टूनमधलं ना? मीही बघते. वरून तुमचं हसू ऐकू येतं. माझ्यानंतर दोन सेकंदांनी."

मी रिमोट उशीखाली सरकवला.

"आणि मत माझंही तेच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या जिन्यात मला कुठलंही सरकार नको. म्हणून तर आपण स्वतः झाडतो! तुम्ही झाडलं नाहीत तर माणूस नेमायचा, त्याची पावती, तिच्यावर कर. आल्झो, मग सांगा, कोण आणतंय सरकारला घरात? मी की तुम्ही?"

इतके दिवस ते मत मी मिरवत होतो. तसं वागायचंही असतं, हे कार्टूनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी अ‍ॅप्रनच्या खिशातून तो कागद काढला, दाखवला, परत खिशात ठेवला. "आधी जिना."

तीन मजले झाडले, पुसले. बाई कठड्याला टेकून, "कोपरा! तो नव्हे, पलीकडचा. गेनाऊ! अगदी तोच!" शेवटच्या पायरीवर त्यांनी कठड्यावरच कागद ठेवून सही केली आणि म्हणाल्या, "बायकोला सांगा, झाडायची तिची पाळी वेगळी नाही. घराची एकच."

मी ओल्या पायरीवर बसकण मारली, कागद भिजू नये म्हणून हात उंच धरला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. पँट भिजत होती. भिजू दे, म्हटलं.