झाकणाखालचा बेडूक

थोरलीला धाकट्या जावेचा राग यायचा म्हणावं, तर तसं नव्हतं. राग आला असता तर भांडून मोकळी झाली असती. तिच्या पोटात दुखायचं, आणि तेही रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला.

त्याचं असं, की सासूबाई मांडीचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलून देणं, सगळं थोरलीकडे. ती घरीच शिवणकाम करायची, म्हणून आपसूकच तिच्या गळ्यात पडलं. करायची मात्र मनापासून, उगाच खोटं कशाला बोला? पण सासूबाईंचे डोळे कायम दाराकडे. धाकटी पाणीखात्यात मीटर वाचायची. दिवसभर गल्लोगल्ली फिरून ती आली, की चपला काढायच्या आत सासूबाई विचारायच्या, "आज काय दिसलं गं?"

आणि हिला रोज काहीतरी दिसलेलं असायचंच! कुठे मीटरच्या काचेवर गोगलगाय चकचकीत रेघ ओढून गेलेली. कुठे जिन्याखालच्या मीटरवर दुपारी दहाच मिनिटं कवडसा येतो, तेवढ्यात आकडे वाचून घ्यायचे. सासूबाईंनी तरुणपणी याच गल्ल्यांत घरोघरी दूध घातलेलं, त्यामुळे पायरी न् पायरी ओळखीची. ऐकताना त्या अशा खुलायच्या, की इकडे थोरलीची सुई बोटात जायची. हाडाची काडं मी करायची आणि कौतुक हिच्या गोगलगाईचं, असं ती नवऱ्यापाशी धुसफुसली. तो म्हणाला, मग तूही सांग की काहीतरी. आता दिवसभर मशीनपुढे बसणारी बाई सांगणार काय, शर्टाची काजं?

तशात निघाला तो बेडूक. सुताराच्या कारखान्यामागे मीटरचा खड्डा आहे, त्याच्या लोखंडी झाकणाखाली म्हणे एक बेडूक राहतो. धाकटी झाकणावर दोनदा टकटक करते, मगच उघडते. सासूबाई चार दिवस त्या बेडकाची खुशाली विचारत होत्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बेडकाच्या घरी जाताना दार वाजवतात होय? थापा नुसत्या! एका दुपारी कापड आणायचं निमित्त करून ती सोक्षमोक्ष लावायला निघाली.

खड्डा सापडला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ती खाली बसली, आणि गंमत बघा, तिचा हात आपोआप झाकणावर दोनदा वाजला. झाकण उचललं तर बेडूक मीटरच्या काचेवर ठाण मांडून बसलेला. गळ्याखालची कातडी धडधडतेय, शेवटचा आकडा त्याच्या पोटाखाली. थोरली एकटीच खुदकन हसली. किती तरी वेळ उठलीच नाही. आणि मग पोटात ते नेहमीचं दुखणं उठलं. हेसुद्धा धाकटीलाच मिळावं?

संध्याकाळी धाकटी सांगायला लागली, तशी थोरली म्हणाली, "मी आज तिकडूनच आले. झाकण उघडून पाहिलं. बेडूक-बिडूक काही नाही तिथं."

धाकटी गडबडली. गेला असेल कुठे, एवढंच पुटपुटली. सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे दोन वर्षं मला लहान पोरासारखं खेळवत होतीस?"

झालं. मिठाचा खडा पडला. दुसऱ्या दिवसापासून धाकटी आली की सरळ स्वयंपाकघरात जायची, आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. जेवण दोन घासांवर आलं. थोरली जिंकली होती, पण तिच्याशीही त्या 'हं' आणि 'नको' याच्यापलीकडे बोलत नव्हत्या. आठ दिवस तिनं कळ काढली. नवव्या दिवशी त्यांची वेणी घालता घालता तिचा हात थांबला.

"आई, बेडूक होता."

मग तिनं सगळं सांगितलं. टकटक, काच, धडधडणारा गळा, एकटीचं हसणं. सासूबाईंनी मान वळवली. "मग नाही असं का म्हणालीस?"

"दोन वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, काय दिसलं म्हणून."

सासूबाईंनी अर्धवट वेणी खांद्यावरून पुढे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "धाकटीला हाक मार."

ते ऐकून थोरलीला रडूच आलं, पण गेली. धाकटी भाजी चिरत होती. मी खोटं बोलले, आत जा, असं सांगून थोरलीनं तिच्या हातातली सुरी घेतली. आतून सासूबाईंचा माफी मागण्याचा आवाज आला, मग धाकटीचा, मग दोघींचं हसणं. थोरलीचं पोट दुखायला लागलं, अगदी पहिल्यासारखंच.

"पाठीवर रेघ आहे का गं त्याच्या?" सासूबाई विचारत होत्या.

धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"आहे, पिवळी," ती म्हणाली. "मला विचारा ना."