मावशीचे सगेसोयरे

माझ्या थोरल्या मावशीइतका मोठा गोतावळा अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणाचा नसेल. फक्त त्यातल्या बहुतेकांना सहा किंवा त्याहून जास्त पाय होते. मावशी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती निवृत्त झाली, पण विषय काही तिला सोडून गेला नाही. केर काढताना गोम निघाली की ती झाडू बाजूला धरून तिला वाट द्यायची. एकदा न्हाणीघरात विंचू निघाला. काका चप्पल घेऊन धावले, तर ही दारात आडवी. "थांबा हो! किडा न्हाई तो, आठ पाय हायेत. कोळ्याच्या घराण्यातला हाये." "मंग काय पाहुणचार करू त्याचा?" काका ओरडले. मावशीने विंचू डब्यात घेतला आणि माळावर नेऊन सोडला. काका मात्र पुढे कितीतरी दिवस चपलासुद्धा झटकून घालायचे. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदाच तिच्याकडे गेली आणि झुरळ पाहून किंचाळली. मावशी मायेने म्हणाली, "कोळंबी आवडते ना तुला? मंग याला काय भ्यायचं? जवळचे भाऊबंद हायेत ते." आमच्या घरात त्यानंतर कोळंबी शिजली नाही.

पण मावशीचा खरा जीव ट्रायलोबाइटमध्ये. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी रांगणारा, पाठीवर तीन उभे भाग असलेला हा जीव केव्हाच नामशेष झाला. तो विंचवाच्या जवळचा की खेकड्याच्या, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, आणि त्या विचारात मावशी हातातला घास हातातच धरून बसायची. आमच्या लाव्हारसातून झालेल्या काळ्या दगडाच्या मुलखात त्याचा जीवाश्म सापडणं शक्यच नव्हतं. तिने जन्मभर शिकवला, पण कधी पाहिला नव्हता.

काचबिंदूने नजर जाऊ लागली तेव्हा ती म्हणाली, "थोडं दिसतंय तोवर दाखव रे एकदा." मी तिला पुण्यातल्या एका संग्रहालयात नेलं. तिथे ती कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिली. बराच वेळ. "दिसून न्हाई राह्यला," शेवटी हळूच म्हणाली. तिथल्या कर्मचारी बाईंनी ते ऐकलं. त्यांनी किल्ली आणली, कपाट उघडलं आणि तो दगड मावशीच्या तळहातावर ठेवला. मावशीने डोळेच मिटले. तिचा अंगठा त्या कवचाच्या एकेका वळीवरून सावकाश फिरत राहिला.

"किती लांबून आलास रे बाबा," ती त्याला म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसल्या बसल्याच झोपली. बाहेर ज्वारीची शेतं संध्याकाळच्या उजेडात तरंगत होती. जालना जवळ आलं, तरी तिला उठवावंसं वाटेना.