बदलापूरला पाणी खालून येतं

माझी पहिली तक्रार पापडाविषयी आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो. माझ्या ताईच्या घरी पापड वाजत नाही. तव्यावरून ताटात येईपर्यंत तो रुमालासारखा मऊ होतो. चार घड्या घालून खिशात ठेवावा. ज्या पदार्थाचं सारं जीवितकार्य दाताखाली आवाज करणं एवढंच, त्याने असं मौनव्रत धरावं हे चांगल्या घराला शोभत नाही. गेली काही वर्षं मी हे गिळत आलो. यंदा दसऱ्यानंतर ताईचाच फोन आला.

"सुध्या, मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय. फरशी घामेजलेलीच असते. आणि सोसायटीवाले म्हणतायत, घर विकून मोकळ्या व्हा. येतोस का?"

शाळेला सुट्टी लागलेलीच होती. सहकारी लडाखचे फोटो टाकत होते. मी स्टाफच्या ग्रुपवर जाहीर केलं की मी बदलापूरला चाललोय. "सहलीला? बदलापूरला?" होय, सहलीला. या ब्लॉगवर आजवर किल्ले झाले, घाट झाले, समुद्र झाला. यंदा जमिनीखाली काय चाललंय ते पाहायचं होतं. ज्यांना तळमजल्यावर घर घ्यायचंय किंवा ज्यांनी घेऊन ठेवलंय, त्यांनी हे नीट वाचावं. बाकीच्यांनी रस्त्याची माहिती तरी घ्यावी.

रस्ता सोपा आहे. पुण्याहून द्रुतगती मार्गाने यायचं, खोपोलीला उतरायचं आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूर. कर्जतला वडापाव खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये, पोटापेक्षा परंपरेसाठी. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. पाऊस सरलेला, भातं पिवळी पडत आलेली, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावताना विचार करावा. वांगणीच्या पुढे खड्डे आहेत, पण ते प्रामाणिक आहेत, लांबून दिसतात.

ताई बदलापुरात खरवईला राहते. आमचे भाऊजी अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने तळमजल्याचा फ्लॅट घेतला, कारण त्यांना खिडकीखाली जास्वंद हवी होती. ते गेले, जास्वंद जोरात आहे. इतक्या जोरात की तेव्हाच कुणालातरी शंका यायला हवी होती.

घरात पाऊल टाकलं आणि माझं डोकं पंख्याच्या दिशेने नेहमीपेक्षा जरा जास्तच उंच गेल्यासारखं वाटलं. त्याचं कारण असं. आपल्याकडे फरशीला ओल आली की फरशी काढत नाहीत, वर दुसरी घालतात. तिलाही ओल आली की तिसरी. ताईच्या घरात शहाबादीवर मोझॅक आणि मोझॅकवर विट्रिफाइड अशी संस्कृती थरांत साचलेली आहे. प्रत्येक थरासाठी दारं खालून कापली. आता बाथरूमचं दार माझ्या खांद्याला लागतं आणि ओटा कमरेच्या खाली गेलाय. पाणी मात्र सगळे थर चढून वर येतं. सांध्यासांध्यांतून, पांढऱ्या क्षाराची रांगोळी काढत.

"कमिटीने काय सुचवलंय माहितीये?" ताई म्हणाली. "चौथी घाला."

"मग पुढच्या वर्षी रांगतच आत यावं लागेल."

"तुला सवय आहे. लहानपणी वर्षभर रांगत होतास, चालायचं नाव नाही."

माझा भाचा हैदराबादला असतो. त्याने फोनवर मला बाजूला घेतलं, म्हणजे स्पीकर बंद करायला लावला. "मामा, तिला समजाव. मिळेल त्या भावाला काढू आणि तिला इकडे आणतो." मी पुढे काही बोलायच्या आत ताई आतून ओरडली, "त्याला सांग, मी या वयात भाषा बदलणार नाही!" पाणी ज्या भिंतीतून येतं त्याच भिंतीतून या घरात आवाजही येतो.

रविवारी सोसायटीची सभा होती. त्याआधी उपाय सापडला तर ठीक, नाहीतर चौथी फरशी आणि तिच्यामागोमाग दलाल. एवढं स्पष्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो.

अंबरनाथला आधी शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, आणि बाहेरच्या शिल्पांपुढे माणूस मान वर करून इतका वेळ उभा राहतो की मानेला बाम लागतो. चपला काढल्यावर दगड भाजतो. मोजे नेलेत तर मला दुवा द्याल. या देवळाची खरी गंमत अशी की गाभारा खाली आहे. मंडपातून पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं. खाली गारवा, निसरडं, भिंती ओलसर. आमच्या पुढच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "केवढी ओल आहे हो." तो म्हणाला, "अगं, महादेव आहे. त्याला चालतं."

ताई कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिली. वर आल्यावर म्हणाली, "बघ. हजार वर्षं तळमजल्याच्या खाली राहतोय. त्याला कुणी म्हणतं का, विकून मोकळा हो?"

मी संस्कृत शिकवतो. पाण्याला ढीगभर पर्यायी शब्द सांगू शकतो, त्यातलं एकही थांबवू शकत नाही. म्हणून जाधवांना गाठलं. जमिनीखालच्या कामांचे हे कंत्राटदार औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या नव्या टाकीवर होते. जाधव बोलायला लागले की थांबवण्याचं रसायन अजून निघालेलं नाही.

"काका, हे बघा. बांधतानाच खालून आणि चारी बाजूंनी पेटी करायची असते. खड्ड्यात शहाबादी लावायची, मागं सिमेंटचं पाणी ओतायचं, मग आत स्लॅब. तुमच्या बिल्डरनं केलं का?"

"त्याने मुख्य दाराला गणपतीची टाइल लावली."

"मग गणपतीच बघेल. आता आतनं करायचं तर भोकं पाडायची, नळ्या बसवायच्या, दाबानं माल सोडायचा. माल फुगतो, भेगा बुजतात. पण पाणी कुठनं येतंय ते बघितल्याशिवाय मी ड्रिल लावत नाय. इथं दाबलं की तिथं निघतं."

शनिवारी येतो म्हणाले. माल मात्र तुम्हीच आणा, उल्हासनगरला बरा मिळेल.

उल्हासनगर कॅम्प एकला स्वतःची गाडी नेऊ नका. मी नेली नाही हा या प्रवासातला माझा एकमेव शहाणपणा. रिक्षा करावी, रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघू नये, रस्त्याकडे तर मुळीच बघू नये. आधी एका गाडीवर दाल-पकवान खाल्लं. पकवान कडकडीत. ताई प्रत्येक घासाला डोळे मिटून आवाज ऐकत होती, मी तिला हसलो नाही.

ओल थांबवणाऱ्या मालाचं दुकान बोळासारखं लांब, दोन्ही बाजूंना बादल्यांच्या उतरंडी. सिंधी शेठ गादीवर. आम्हाला बघून आधी पाणी मागवलं, मग विचारलं, "आओ साईं, बैठो. ऊपर का माल चाहिए की नीचे का?"

"नीचे का," मी म्हणालो. "बिलकुल नीचे का. पाताल का."

"पाताल का भी है. पण पाणी किधर से येतंय?"

"तेच शोधतोय."

"मग माल आज घ्या, पण उघडू नका." शेठ ताईकडे वळून म्हणाले, "बहनजी, गॅरंटी मालाची देतो. जमिनीची गॅरंटी मी काय, कोणी देणार नाही."

"जमीन माझीच आहे," ताई म्हणाली. "तिची मी बघते."

शेठनी हात जोडले आणि न मागता किंमत थोडी कमी केली. येताना रिक्षात दोन बादल्या आमच्या गुडघ्यांमध्ये होत्या. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याने त्यांची चौकशी केली.

शनिवारी सकाळी जाधव आले. ओट्याखाली बसून फरशी ठोकली, कान लावला, भिंतीवर तळहात फिरवला. "पाणी बाहेरनं ढकलतंय. या भिंतीपलीकडं काय आहे?"

पलीकडे पार्किंग होतं. नेमकी सेक्रेटरी पाटणकरांची गाडी. आम्ही बाहेर आलो तर फाटकावर वाद चाललेला. गावातल्या एक वयस्क बाई, मागे सून, सुनेच्या कुशीत तान्हं मूल, बाईंच्या हातात हळदकुंकवाचं ताट. वॉचमन त्यांना अडवत होता.

"साहेबांनी सांगितलंय, भिंतीला डाग पडतात."

"अरे पोर झालाय आमच्याकडं," बाई म्हणाल्या. "बावीला कुंकू लावल्याबिगर सून पान्याला जानार नाय. तू नवीन हाईस, तुला काय म्हायती?"

बाव म्हणजे विहीर. बाळंतीण बाहेर पडली की आधी विहिरीची पूजा करायची, हा इथला रिवाज. बाई सरळ आत आल्या, पाटणकरांची गाडी आणि ताईची भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत वाकल्या, पेव्हर ब्लॉकवर कुंकू वाहिलं, नारळ फोडला. थोडं पाणी गाडीच्या चाकावर गेलं. चाकही पावन झालं.

जाधव माझ्याकडे बघत राहिले. "काका, विहिरीवर पार्किंग केलंय."

ताई शांतपणे म्हणाली, "इथे विहीर होती एवढं मला माहीत होतं. मीच त्यांना आत घेते दर वेळी. पण बुजवली म्हणजे संपली असं वाटलं होतं."

"संपते व्हय?" बाई म्हणाल्या. "वैशाखातबी आटत नव्हती ती."

बिल्डरने राडारोडा टाकून तोंड झाकलं होतं. विहिरीचे झरे आपलं काम करत होते. वर जायला वाट नव्हती म्हणून ते आडवे, भिंतीखालून, ताईच्या ओट्यापर्यंत येत होते. जाधवांनी गणित मांडलं. आतून माल दाबला तर ताईचं घर कोरडं होईल, पण पाणी समोरच्या शिंद्यांच्या खोलीत निघेल. शिंदे आजोबा तिथे पलंगावर असतात, दम्याचे. दुसरा मार्ग, विहिरीच्या जागी खणायचं, भोकं असलेला मोठा पाइप उभा सोडायचा, भोवती खडी भरायची आणि मोटार लावून पाणी उपसत राहायचं. पातळी उतरली की मग फरशीखाली माल.

"म्हणजे गाडी काढावी लागेल," ताई म्हणाली.

पाटणकरांना खाली बोलावलं. ते सदऱ्याच्या बाह्या सारखे करत आले. "वहिनी, सोसायटीच्या नकाशात इथे विहीर नाही. इथे पार्किंग आहे. आणि तळमजल्याची ओल ही तळमजल्याची वैयक्तिक बाब आहे."

"बरं," ताई म्हणाली.

तिच्या त्या "बरं"ला मी लहानपणापासून घाबरतो. पाटणकर गाडी घेऊन बाजारात गेले. ते परत येईपर्यंत त्या जागेवर ताईची खुर्ची होती, खुर्चीवर ताई, मांडीवर परात, परातीत मेथी. शेजारी मी, बादलीवर बसलेलो. थोड्या वेळाने त्या गावातल्या बाई आपल्या दोन जावांना घेऊन आल्या आणि आपापले पाट टाकून मेथी निवडायला लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत होती.

पाटणकरांनी हॉर्न वाजवला. "वहिनी, हे बरोबर नाही."

"भाजी निवडतेय. घरात फरशी ओली आहे ना."

"मी उद्या सभेत मांडतो."

"मांडा. मी इथेच असेन, इथेच घ्या सभा."

आणि रविवारी सभा तिथेच झाली. चौथी फरशी सुचवणाऱ्या गृहस्थांना ताईने घरात नेलं, कापलेलं बाथरूमचं दार दाखवलं आणि त्यांना वाकायला लावलं. ते बाहेर आले ते डोकं चोळत, आणि मत बदलून. शिंद्यांच्या सुनेने प्रथमच तोंड उघडलं, "आमच्या भिंतीलाही ओल आहे. आम्ही कपाट लावून झाकलंय." मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असतं हे सांगितलं, आणि पाटणकरांचा फ्लॅट त्या लिफ्टवर अवलंबून असल्याने त्यांना विहीर एकदम नकाशात दिसू लागली.

दुपारी ब्लॉक उचकटले. जाधवांची माणसं कंबरभर उतरली तेव्हा दगडी बांधणीचा गोल कठडा लागला. आणखी खाली गेल्यावर राड्यात पाणी चमकलं. गावातल्या बाईंनी वाकून ओंजळ भरली, वास घेतला. "तीच हाय," म्हणाल्या.

पाइप उभा राहिला, मोटार लागली. मी सोमवारऐवजी बुधवारी निघालो. तोवर ओट्याखालचे सांधे कोरडे पडले होते आणि शेठचा माल भोकांतून आत गेला होता. जाधव म्हणाले, पुढचा पावसाळा खरा सांगेल. एवढ्या कामाचं बोलणं त्यांनी एका वाक्यात संपवलं. हैदराबादला फोन लावून ताईने भाच्याला एवढंच सांगितलं, "जास्वंदीला आता नळाचं पाणी घालावं लागेल."

परत येताना कर्जतला थांबलो नाही. पुण्याला पोचून हे लिहितोय. विचारणाऱ्यांसाठी: होय, बदलापूरला सहलीला जाता येतं. देऊळ बघा, पकवान खा, आणि तळमजला घेणार असाल तर आधी गावातल्या बायकांना विचारा की त्या पूजेला कुठे जातात.

एक गोष्ट राहिली. मोटार रोज सकाळी कुणीतरी चालू करायला हवी, आणि ती ताईच करते. निघताना तिने मला फाटकापर्यंत सोडलं. सगळा वेळ तिचा एक हात भिंतीवर होता. ओल्या फरशीवर वर्षानुवर्षं चालून तिला तशी सवय लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण फाटकाजवळ भिंत नाही, आणि तिथे तिने माझा दंड धरला. ती पाण्याला हटवेल, पाटणकरांना हटवेल. एखाद्या सकाळी ती त्या मोटारीपाशी पडली, तर ती मला फोन करणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.