भाऊंनी उधळलेली फुलं

माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, जन्मात एकही वस्तू वाकडी ठेवलेली नाही, आणि जळगावात त्यांच्या नजरेसमोर दुसऱ्या कुणाला ठेवू दिलेली नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पंगतीत पानापानावरचं मीठ एका रेषेत आलंय का, हे ते उकिडवे बसून बघतात. नशिराबादला एका साखरपुड्यात त्यांनी पाहुण्यांच्या सगळ्या चपला मापाप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवल्या. निघताना एकालाही आपली सापडेना. पाहुणे अनवाणी फिरताहेत आणि भाऊ दारातून म्हणताहेत, "अहो, मापाने शोधा ना!" पूर्वी ते ब्रशने दुकानांचे बोर्ड रंगवायचे. आता कॉम्प्युटरवर पत्रिकांची, खोक्यांची डिझाइनं करतात. मी आणि जाऊबाई त्यांच्या दुकानातच पत्रिकांच्या घड्या घालतो. जेठांशी बोलायची आमच्यात रीत नाही. मला जे सांगायचं ते मी जाऊबाईंना सांगते आणि भाऊ तीन हातांवरून ऐकतात.

फैजपूरच्या एका शेठजींनी मुलीच्या लग्नातल्या मिठाईच्या खोक्यांसाठी कागद सांगितला. एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदाच आलं होतं. अट एकच, झेंडूची फुलं उधळल्यासारखी दिसली पाहिजेत. भाऊंनी दोन दिवस खपून फुलं उधळली. नमुना पाहून शेठजी फोनवर म्हणाले, "भाऊ, ही तर कवायत झाली! संध्याकाळपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर धुळ्याला देतो."

कॉम्प्युटरात एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावरची फुलं मनाला येईल तिथे जाऊन पडतात, कुणी आडवं, कुणी दुसऱ्याच्या अंगावर. भाऊंनी ते दाबलं. इतकं सुंदर दिसलं की माझी घडी अर्धीच राहिली. मग भाऊ म्हणाले, "हे एकच जरा नीट करतो." अर्ध्या तासात सगळी फुलं पुन्हा रांगेत! असं तीनदा झालं. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या तोंडून अहिराणीच निघाली, "बठ्ठा फुलं प्रार्थनाले उभा शेतस!"

चहाच्या वेळी भाऊंनी चष्मा काढून ठेवला. "जाऊ दे धुळ्याला. माझा हातच ऐकत नाही."

त्यांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पदर सारखा करून मी म्हणाले, "जाऊबाई, भाऊंना म्हणावं, बटण दाबा आणि लगेच इकडे घड्या घालायला बसा."

"ऐकलं का?" जाऊबाई म्हणाल्या.

"बहिरा नाही मी."

भाऊंनी बटण दाबलं, डोळे मिटून खुर्चीवरून उठले आणि माझ्यासमोरच्या पत्रिकांवर तुटून पडले. तेवढ्यात जाऊबाईंनी मोबाइलने पडद्याचा फोटो काढून शेठजींना पाठवलासुद्धा.

"एक फूल उलटं पडलंय. डोळे मिटता मिटता दिसलं," भाऊ घड्या घालता घालता पुटपुटले.

"हात लावून तर बघा!" जाऊबाई म्हणाल्या.

फोन वाजला. शेठजींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "वा भाऊ! आता उधळली!"

भाऊ ताडकन पायरीवर गेले आणि समोरच्या रसवंतीवाल्याला ओरडून म्हणाले, "काम कुठेही जात नाही! अख्ख्या गल्लीला रस पाज!" त्या बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं, पण त्याने पाजला.

लग्नाला आम्ही तिघं फैजपूरला गेलो. शेठजी येईल त्या पाहुण्याला खोका दाखवून सांगत, "ही कमाल यांच्या हातची." भाऊ नुसते हसले. परतीच्या एसटीत मात्र ते जाऊबाईंना हळूच म्हणाले, "बोर्डावर माझाच हात असायचा गं." जाऊबाईंनी त्यांना खिडकीजवळची जागा दिली. बाहेर केळीच्या बागा लागल्या होत्या, लांबच लांब सरळ ओळींच्या. त्या संपेपर्यंत भाऊ बघत राहिले.